नाणेघाट, जानेवारी : भिंगाने पेटवलेली चूल

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाट. कड्यावर वारा इतका असतो की निखारा धरायच्या आत उडतो, आणि लेणं, रांजण, वनखात्याची हद्द इथे विस्तव करायचाच नाही. म्हणून चूल मांडली ती घाटघरात, मालकाला विचारून, त्याच्या खळ्यात गोठ्याच्या आडोशाला. भोवतालचं गवत झाडून घेतलं, पाण्याची कळशी हाताशी ठेवली.

सकाळी नऊला केलेला प्रयत्न फुकट गेला. ऊन तिरपं होतं आणि गवत दवाने ओलं. अकरा ते दोन हीच वेळ धरा.

भिंग ७५ मिमी व्यासाचं, नाभीय अंतर (भिंगापासून उन्हाचा ठिपका सगळ्यात लहान पडतो तिथपर्यंतचं अंतर) २० सेमी. सूर्याचा ठिपका नाभीय अंतराच्या सुमारे १०७व्या भागाएवढा पडतो, म्हणजे इथे जेमतेम २ मिमी. +२.५ नंबरच्या चाळिशीचं नाभीय अंतर ४० सेमी, ठिपका पावणेचार मिमी, त्यात काच लहान. धूर निघेल, विस्तव होणं कठीण. उणे नंबरचा चष्मा तर किरण पसरवतो, त्याचा नाद सोडा.

पांढरा कापूस ऊन परतवतो, लवकर धरत नाही. जुन्या सुती धोतराचे तुकडे झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डबीत घालून निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की उतरवा. डबी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, हवा लागताच कापड पेट घेतं. हे काळं कापड भिंगाखाली दोन-तीन सेकंदांत धरतं. ते नसेल तर वाळलेल्या गोवरीचा भुगा. त्याला जास्त वेळ लागतो, पण धरलेला विस्तव सहसा विझत नाही.

कोपर गुडघ्यावर टेकवा. ठिपका लांबट दिसला तर भिंग कलंडलंय. गोल आणि सगळ्यात लहान होईपर्यंत मागे-पुढे करा. इथे बहुतेकांचं चुकतं : धूर दिसला की आनंदाने हात हलतो आणि तापलेली जागा निवते. कडेने लाल रेघ सरकू लागेपर्यंत हलायचं नाही. मग तो तुकडा नारळाच्या शेंडीच्या पिंजलेल्या घरट्यात ठेवून खालून लांब, सावकाश फुंकर. ज्वाळा आली की आधी काडीएवढ्या काटक्या, मग तुरीच्या तुराट्या.

भिंगातून सूर्याकडे कधीच बघू नका. ठिपक्याकडेही काळा चष्मा लावूनच बघा. निघताना राखेवर पाणी ओतून ढवळा, हाताला गार लागेपर्यंत. भिंग लगेच कापडी पिशवीत. उघडं राहिलं तर ते गवतही पेटवतं.