रेंडर लावलं की पीसी बंद, आणि दुकानात मात्र 'चलता मरे' (कोकणीत, 'चालतोय की')

लिहिणार नव्हतो, पण काल कपाट आवरताना त्या पीसी रिपेअरच्या दुकानाचं बिल परत हाताला लागलं आणि डोकं पुन्हा फिरलं, म्हणून लिहितोच.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. नोकरी सांभाळून लग्नांचं, उत्सवातल्या नाटकांचं शूटिंग करतो. यंदा देवळाच्या उत्सवातलं संगीत नाटक दोन कॅमेऱ्यांवर घेतलं, साडेतीन तासांचं. एडिटिंग झालं, रात्री रेंडर (एडिट केलेल्या तुकड्यांचा एक तयार व्हिडिओ बनवायचं काम) लावून झोपलो, सकाळी बघतो तर पीसी बंद. लाईट गेली असेल म्हटलं, पावसात आमच्याकडे ते रोजचंच, पण यूपीएस चालू होता. परत लावलं, बारा टक्क्यांवर खट्ट. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, सरळ काळोख. लगेच परत चालू केलं तर पाच टक्क्यांवरच गेला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. मी तेव्हा ठेवलं नाही.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली पीसीत काय काय घडलं त्याची नोंदवही) उघडला तर लाल खुणेसमोर कर्नल-पॉवर 41. त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता गेला, का गेला ते त्यात नसतं. पण 'पॉवर' वाचलं आणि मी मनात ठरवून टाकलं की एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेला. दुकानात जाऊनही तेच बोललो, म्हणजे सुरुवातीची चूक माझीच.

तर ते दुकान. नाव घेत नाही. टॉवर गोधडीत गुंडाळून, कदंबाच्या सरकारी बसमध्ये मांडीवर घेऊन गेलो, पोचलो एकला दहा कमी असताना, आणि आत पोरगा शटर अर्धं खाली ओढून उभा, 'चारांक येयात', चारला या. तीन तास टॉवर घेऊन कुठे फिरणार, शेजारच्या हॉटेलात दोन चहा, एक भाजीपाव करून बसलो. चार वाजता त्याने पीसी लावला, विंडोज आलं, दहा मिनिटं डेस्कटॉप नुसता बघत बसला आणि म्हणाला, 'हांगा चलता मरे, तुमगेर लायटीचो प्रॉब्लेम आसतलो', म्हणजे इथे चालतोय की, तुमच्या घरी लाईटचा प्रॉब्लेम असेल. मी म्हटलं अरे बाबा, असा नाही बंद पडत, रेंडर लावल्यावर पडतो, थोडं काम देऊन बघ. तो म्हणाला ठेवून जा. ठेवला. पाच दिवसांनी फोन, एसएमपीएस बदलला, अठ्ठावीसशे. आणला, लावला, अकरा टक्क्यांवर खट्ट. परत नेला, यावेळी म्हणे विंडोज करप्ट, फॉरमॅट मारला, आठशे. माझे सगळे प्लगिन्स (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेले जादा प्रोग्रॅम) गेले ते वेगळंच. तिसऱ्यांदा पोरगा दोष मदरबोर्डवर ढकलायला लागला तेव्हा मी विचारलं, तुम्ही एकदा तरी ह्याच्यावर लोड टाकून बघितला का? तर पोरगा मालकाकडे बघतो, मालक मोबाईलकडे. आठ दिवस ठेवून घेतला आणि त्यात ह्यांनी फक्त डेस्कटॉपचा वॉलपेपर बघितला. रिकामी गाडी उतारावरून चालवून बघायची आणि म्हणायचं चढावर बंद पडते ती तुमच्या रस्त्याची चूक.

इकडे देवस्थान कमिटीचे लोक रोज विचारत होते पेनड्राईव्ह कधी मिळणार.

शेवटी एका मित्राने फोनवर दोनच प्रश्न विचारले. बंद पडल्यावर लगेच चालू केला तर लवकर पडतो का? हो. अर्धा तास थांबून केला तर जास्त टिकतो का? हो. 'अरे मग तापतोय तो, टेंपरेचर बघ ना!' एचडब्ल्यूइन्फो टाकलं, टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. काही काम नसताना 58. रेंडर लावलं आणि मिनिटभरात 100. माझा प्रोसेसर आय-फाइव्ह 10400, त्याची मर्यादाच 100 अंश. तिथे पोचला की तो आधी आपला स्पीड पाडतो, चार गिगाहर्ट्झवरून धडाधड खाली आला, रेंडर रांगायला लागलं, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा जळण्यापेक्षा बंद पडलेलं बरं म्हणून गेला. मोबाईलवर ह्याचा व्हिडिओ काढा, दुकानात जायच्या आधीच काढा. मी काढला असता तर अठ्ठावीसशे वाचले असते.

कॅबिनेट उघडलं. पंखा वरून स्वच्छ दिसत होता (त्या लोकांनी तेवढा पुसला असणार), पण पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मध्ये करडा, जाड थर, जुन्या उशीतल्या कापसासारखा, उदबत्तीच्या धुराने चिकट झालेला. खाली पालीची दोन अंडी. आणि कूलरच्या चार पिनांपैकी एक वर उचकटलेली, म्हणजे हीटसिंक एका कोपऱ्यात प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. दोघांच्या मधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट सुकून खपली झालेली.

पिना काढताना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या, बसवताना उलट फिरवून घ्यायच्या आणि तिरप्या समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या, टक्क आवाज आला पाहिजे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी वाटाण्याएवढी, जास्त नाही. हां, धूळ उडवायला ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगरून खराब होतो. आणि हे सगळं प्लग काढून, हे आधी सांगायला हवं होतं.

एक कबुली. आईने पावसाच्या दमटपणासाठी पीसीला जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं, आणि मी रात्री रेंडर लावताना ते तसंच वर ठेवायचो. मॉनिटरचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून मॉनिटर तेवढा बंद. आता ते कव्हर मिक्सरवर आहे.

पेस्ट पाचशेच्या आत आली. त्या रात्री मी झोपलो नाही, टेंपरेचरच्या आकड्याकडेच बघत बसलो. 74, 76, 75. पहाटे साडेतीनला शंभर टक्के झालं तेव्हा घरात सगळ्यांना उठवावंसं वाटलं.

दुकानात जाऊन माझा जुना एसएमपीएस परत मागितला, चांगलाच होता ना तो. म्हणे भंगारात दिला.