वाफेच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धा ठेवू नका

न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टनच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये आपल्या लातूर-नांदेड-परभणीची बरीच पोरं भाड्यानं राहतात, आणि पोरीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी इकडून आईवडील ऐन थंडीत तिकडं जाऊन राहतात. पोरगा कामावर गेला की घरात बाळ, बाळंतीण, आजी आणि खिडकीखाली बसवलेला तो लोखंडी रेडिएटर, बिल्डिंगच्या बॉयलरच्या वाफेनं तापून खोली गरम करणारा. तो कधी फुसफुसतो, कधी ठोकतो, कधी खोली इतकी तापवतो की बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडावी लागते. मी नोकरीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काढली, वाफ हाच माझा विषय, म्हणून हे लिहायलोय. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण एवढं ध्यानात ठेवा, एका पाईपवाल्या रेडिएटरचा खालचा व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा ठेवायचा नाहीतर पूर्ण बंद. अर्धा, पाव, एक आटा, असलं काही नाही.

माझा भाचा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. मागच्या थंडीत त्याचा व्हिडिओ कॉल आला, "मामा, हे रात्रभर ठाकठूक करायलंय, बाळ दचकून उठायलंय." मी विचारलं व्हॉल्व्ह किती उघडाय. "अर्धा. खोली लई तापायली म्हणून अर्धा केलाय." फॅनच्या रेग्युलेटरसारखं कमी-जास्त होत असेल असं त्याला वाटलं, आणि कुणालाही तसंच वाटणार, मूठ फिरते म्हटल्यावर माणूस फिरवणारच. मी त्याला फोन रेडिएटरच्या दोन्ही टोकांना न्यायला लावला. एका टोकाला जमिनीतून वर आलेला एकच जाड पाईप, त्यावर मुठीचा व्हॉल्व्ह. दुसऱ्या टोकाला साधारण मधल्या उंचीवर अंगठ्याएवढी चंदेरी कुपी, तिच्यातून फुस्स आवाजासोबत पाण्याचे थेंब उडत होते, आणि खालच्या लाकडी फ्लोअरवर थेंबांचा काळपट डाग पडलेला. तेवढं बघूनच कळलं की आत पाणी तुंबलंय.

आता हे पाणी का तुंबतं ते नीट सांगतो, कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. आपल्याकडं जुन्या कारखान्यात २१ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २१ किलो) प्रेशरची वाफ, साखरेसोबत वीजही काढणाऱ्या को-जनरेशनवाल्यांकडं ४५, ६७, ८७ किलो. तिकडं घर गरम करायच्या बॉयलरचं प्रेशर सहसा २ पीएसआयच्या आत असतं, म्हणजे आपल्या हिशोबानं ०.१४ किलो, आपल्या गेजचा काटा जागचा हलणार नाही एवढं. वाफेचं तापमान १०० ते १०४ अंश. पण उष्णता तापमानात नसते, वाफेचं पाणी होण्यात असते. एक किलो वाफेचं पाणी झालं की सुमारे ५४० किलोकॅलरी सुटतात, आणि तेच एक किलो पाणी पुढं १०० वरून ८० अंशांवर आलं तर फक्त २० किलोकॅलरी. म्हणजे खोली गरम व्हायची तर रेडिएटरच्या आत वाफेचं पाणी व्हायलाच पाहिजे, आणि झालेलं पाणी तिथून निघून परत बॉयलरकडं जायला पाहिजे.

एका पाईपच्या सिस्टिममध्ये हे पाणी जातं कुठून? ज्या पाईपमधून वाफ वर येते त्याच पाईपमधून, त्याच व्हॉल्व्हमधून, वाफेच्या खालून पाट धरून. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तर दोघांना जागा पुरते. अर्धा केला की वाट अरुंद होते, अरुंद वाटेत वाफेचा वेग वाढतो, आणि त्या वेगापुढं पाण्याला खाली उतरता येत नाही. मग ते रेडिएटरमध्येच साचतं आणि गार होत बसतं. पुढच्या वेळी बॉयलर चालू झाला की ताजी वाफ ह्या गार पाण्यावर येते आणि क्षणात विरते. त्या प्रेशरला वाफेचं पाणी झालं की तिचा आकार सोळाशे पटीनं कमी होतो, तिथं एकदम पोकळी होते, आजूबाजूचं पाणी त्या पोकळीत धावतं आणि लोखंडावर आदळतं. भाच्याच्या बाळाला उठवणारा आवाज तो हाच, वॉटर हॅमर.

बॉयलर हाऊसमधल्या माणसाला ह्या आवाजाची खरी भीती असते. हंगाम सुरू होताना लांबलचक स्टीम लाईन गार पडलेली असते, तेव्हा आधी सगळे ड्रेन उघडायचे, मग मेन व्हॉल्व्हच्या बायपासमधून थोडी थोडी वाफ सोडायची, ड्रेनमधून पाणी यायचं बंद होऊन कोरडी वाफ यायला लागली की मगच मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. कुणी घाई केली तर पाईप सपोर्टवरून उडतो, फ्लँजचं गॅस्केट फाटतं, माणूस भाजतो. घरातल्या रेडिएटरला एवढं प्रेशर नसतं त्यामुळं तसा धोका नाही, पण सांधे ढिले होतात, कुपीतून पाणी उडून फ्लोअर खराब होतं आणि झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच.

तर भाच्याला पहिलं काम सांगितलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघड. दुसरं, लेव्हल बॉटल (गवंडी उतार बघायला वापरतात ती बुडबुड्याची पट्टी) आण आणि रेडिएटरवर ठेव. रेडिएटरला व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतार पाहिजे, म्हणजे पाणी आपोआप पाईपकडं येतं. जुन्या घरात शंभर वर्षांत लाकडी फ्लोअर दबलेला असतो आणि उतार उलटा होऊन बसतो. त्याचा बुडबुडा व्हॉल्व्हच्या बाजूला सरकलेला दिसला, म्हणजे तीच बाजू उंच आणि पाणी उलट्या बाजूला, कुपीकडं साचायलंय. बिल्डिंगच्या सुपरला, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाला, बोलावून, रेडिएटर पूर्ण गार असताना, कुपीकडच्या पायांखाली लाकडाच्या पातळ चिपा सारल्या. हे एकट्यानं करू नका, बिडाचा रेडिएटर लई जड असतो आणि पाईपच्या जोडाला ताण बसला तर गळती लागते. त्या रात्री ठोकणं थांबलं.

ठोकणं थांबलं पण खोली तापायचं काही थांबलं नाही, आणि खरा प्रश्न तर तोच होता. इथं ती चंदेरी कुपी कामाला येते. तिला एअर व्हेंट म्हणतात. बॉयलर बंद असतो तेव्हा रेडिएटर हवेनं भरलेला असतो. वाफ आली की ती हवा बाहेर गेल्याशिवाय वाफेला आत जागाच मिळत नाही. व्हेंटमधून हवा निघते, मागून वाफ सरकते, आणि वाफ व्हेंटपर्यंत पोचली की त्याच्या आतला फ्लोट उष्णतेनं फुगून किंवा बायमेटल, म्हणजे दोन धातूंची पट्टी, वाकून तोंड बंद करतं. बॉयलर बंद झाला, आतली वाफ विरली की व्हेंट परत उघडून हवा आत घेतो. म्हणजे रेडिएटर किती तापणार हे वाफ नाही ठरवत, हवा ठरवते. जेवढी हवा बाहेर गेली तेवढेच रेडिएटरचे उभे कप्पे गरम. कारखान्यात उसाचा रस तापवणाऱ्या ज्यूस हीटरला हाच अनुभव येतो, वाफेचा व्हॉल्व्ह कितीही उघडा, आत हवा आणि न विरणारे गॅस अडकले असतील तर रस तापतच नाही, व्हेंट मोकळा केला की तापमान लगेच चढतं. कारखान्यात आपल्याला जास्त तापवायचं असतं म्हणून व्हेंट मोकळा करायचा, रेडिएटरला कमी तापवायचंय म्हणून व्हेंट आवळायचा, तत्त्व एकच.

त्यामुळं ज्या खोलीत जास्त गरम होतं तिथं हळू हवा सोडणारा व्हेंट लावायचा, जी खोली गार राहते तिथं जोरात सोडणारा. गॉर्टन म्हणून कंपनी आहे, तिचे व्हेंट ४, ५, ६, सी, डी अशा चढत्या साइजमध्ये येतात, ४ नंबर सगळ्यात हळू. काही कंपन्यांच्या व्हेंटला डोक्यावरच कमी-जास्त करायची सोय असते. भाच्याच्या बेडरूमचा रेडिएटर त्या खोलीच्या मानानं फार मोठा होता, तिथं हळू व्हेंट लावल्यावर बॉयलरच्या एका फेरीत निम्मेच कप्पे तापायला लागले. निम्मा रेडिएटर गार लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, तेच तर पाहिजे होतं.

ह्याच्या पुढची पायरी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव असतो, खोली तापली की तो प्रसरण पावतो आणि दांडी ढकलून वाट बंद करतो, ना बॅटरी ना वायर. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाऊसेन यांनी १९४० च्या दशकात रेडिएटरचा हा थर्मोस्टॅट काढला, आणि मला विचाराल तर घरगुती वापराच्या यंत्रांमध्ये इतकं साधं आणि इतकं कामाचं दुसरं फार कमी असेल. पण एका पाईपवाल्या रेडिएटरला तो वाफेच्या पाईपवर बसवायचा नसतो, रेडिएटर आणि एअर व्हेंट ह्यांच्या मधे बसवायचा असतो. तो वाफ अडवत नाही, हवेला कोंडून ठेवतो, आणि कोंडलेली हवा वाफेला आत येऊ देत नाही. त्यासोबत व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे आत पोकळी झाली की बाहेरची हवा आत घेणारी छोटी झडप, पाहिजे, नाहीतर वाफ विरल्यावर आत हवा येत नाही आणि पाणी नीट उतरत नाही. आणखी एक, वाफ एकदा आत शिरली की ह्याच्या हातात काही राहत नाही, परिणाम पुढच्या फेरीपासून दिसतो, म्हणून लावल्या-लावल्या दहा मिनिटांत निकाल लावू नका. आणि ज्या खोलीत बॉयलर चालू-बंद करणारा मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथं हा अजिबात लावू नका, दोघं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात.

लोक विचारतात, एवढे मोठे रेडिएटर बसवलेच कशाला? त्याला कारण आहे. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडं तिला मानमोडी म्हणायचे, गावच्या गावं ओस पडली होती. अमेरिकेत त्या काळात असं ठरलं की बंद खोलीतली हवा आजार पसरवते, तेव्हा थंडीतही खिडक्या उघड्या ठेवून झोपायचं. मग इंजिनिअर लोकांनी बॉयलर आणि रेडिएटर असे मोजून दिले की वर्षातल्या सगळ्यात गार दिवशी, खिडकी उघडी असतानासुद्धा, खोली उबदार राहिली पाहिजे. आता त्याच खोल्यांना घट्ट बंद होणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडक्या आल्या आणि रेडिएटर मात्र तेव्हाचेच राहिले. मग तापणार नाही तर काय होणार. ह्यात त्या जुन्या इंजिनिअरांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी माणसं जगावीत म्हणून हिशोब केला होता आणि बरोबर केला होता.

न्यूयॉर्कमध्ये नियमही आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे, सकाळी ६ ते रात्री १० ह्या वेळात बाहेर तापमान ५५ फॅरनहाइटच्या (साधारण १३ अंश सेल्सिअसच्या) खाली गेलं तर घरात किमान ६८ पाहिजे, म्हणजे २० अंश सेल्सिअस, आणि रात्री १० ते सकाळी ६ किमान ६२, म्हणजे साधारण १७. ही किमान मर्यादा आहे. त्यामुळं सगळ्यात गार फ्लॅटला ६८ मिळावं म्हणून बॉयलर चालतो आणि बाकीचे फ्लॅट ८० वर, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसवर, जातात. हीटचं बिल बहुतेक भाड्यातच धरलेलं असतं, खिडकी उघडी टाकली तरी भाडेकरूला वेगळा खर्च दिसत नाही, पण जळतं ते तेल नाहीतर गॅस, आणि वाफेवर आयुष्य काढलेल्या माणसाला ती वाफ खिडकीबाहेर जाताना बघवत नाही. आम्ही कारखान्यात एक गळका स्टीम ट्रॅप (पाणी जाऊ देऊन वाफ अडवणारी झडप) दिसला तरी शिफ्ट संपायच्या आत बदलायचो.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर? खोली वापरातच नसेल तर करा. पण जुना व्हॉल्व्ह आतून झिजलेला असला तर बंद करूनही थोडी वाफ आत येत राहते आणि तिचं पाणी आतच साचतं, मग परत ठोकणं आणि थेंब उडणं. तसं व्हायला लागलं तर व्हॉल्व्ह दुरुस्त करून घ्या. आणि रेडिएटर गरम असताना व्हेंट कधीच खोलू नका, आत शंभर अंशांची वाफ आहे. रांगतं बाळ घरात असेल तर रेडिएटरला कव्हर पाहिजेच. कव्हरनं हवा अडते, वाफ कमी विरते आणि खोलीही थोडी कमी तापते, तो आणखी एक फायदा.

हे सगळं एका पाईपचं झालं. रेडिएटरच्या दोन्ही टोकांना पाईप असतील तर हिशोब बदलतो. तिथं वाफ एकीकडून येते, पाणी दुसरीकडून स्टीम ट्रॅपमधून जातं, त्यामुळं येणारा व्हॉल्व्ह कमी-जास्त करता येतो आणि थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह सरळ वाफेच्या पाईपवरच बसतो. तिथं बिघडतो तो ट्रॅप. ट्रॅप उघडा अडकला की वाफ सरळ परतीच्या पाईपमध्ये घुसते, तो पाईप वाफेइतकाच चटका द्यायला लागतो आणि शेजारच्याचा रेडिएटर गार पडतो. पण दोन पाईप दिसले म्हणजे वाफच असेल असं नाही, गरम पाण्याच्या सिस्टिमलाही दोनच पाईप असतात आणि तिला ह्यातलं काही लागू होत नाही. कुणाला ओळखता येत नसेल तर रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे फोटो काढून मला पाठवा, व्हॉल्व्ह आणि कुपी नीट दिसली पाहिजे, बघून सांगतो.