‘राहणार’च्या रकान्यात काय लिहायचं?

बेघरांसाठीची मिरज जंक्शनबाहेरची आमच्या पथकाची फेरी रात्री साडेदहाच्या पुढेच काढायची. आठला गेलं तर आडवा झालेला माणूस प्रवासी की बेघर, ते कळत नाही. खूण उशाला असते. प्रवाशाची बॅग उशाला आणि चपला खाली. बेघराच्या चपलाही उशाला, गाठोड्याला बांधलेल्या. रात्री पहिली चोरी चपलांचीच होते. नवंकोरं ब्लँकेटही टिकत नाही, म्हणून आम्ही धुतलेलं जुनंच देतो.

डिसेंबरातली गोष्ट. स्टेशन रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर साठीपुढचे एक बाबा पडले होते. आधी वास आला. उजव्या टाचेला चिंधी गुंडाळलेली, आत अळ्या. साखर तपासली तर तीनशेच्या वर. मधुमेहानं पाय बधिर झाला की जखमेत काय चाललंय ते माणसाला कळतच नाही.

अशा वेळी लोक पेट्रोल नाहीतर फिनेल ओततात. त्यानं कातडी भाजते. सोबतच्या सिस्टरनी टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी दहा-पंधरा मिनिटं धरला. आतली हवा तुटली की अळ्या आपसूक वर येतात, मग चिमट्यानं एकेक उचलायची. घाईनं ओढली तर तुटून अर्धी आत राहते, कुजते. मग सलाइननं धुऊन सैल ड्रेसिंग. हे एका दिवसात संपत नाही. खोलवरच्या अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतात. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन आणि साखरेचं औषध, म्हणजे दवाखाना आलाच.

"बाबा, चला." त्यावर ते एकच शब्द म्हणत राहिले, "ब्याड, ब्याड." पथकातली नवी मुलगी खूश. म्हणाली, बेड मागतायत! कानडीत त्याचा अर्थ ‘नको’. मिरजेत फेरीला कानडी येणारं एक माणूस लागतंच.

नको का, ते कानडीतूनच उलगडलं. पहाटे सहाला दुकानासमोरचं झाडून द्यायचं, त्या बदल्यात पायरी त्यांची. एक रात्र रिकामी दिसली की तिथं दुसरा झोपणार, आणि झाडूही त्याच्याच हातात जाणार. आपण म्हणतो, निवारा देतोय तरी येत नाहीत. चार दिवसांच्या गादीसाठी हातची जागा कोण घालवेल? दारूपायी नकार देणारेही भेटतात, नाही असं नाही. पण बाबांचा हिशेब चोख होता.

2011च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. फूटपाथ, ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे नळ), उघडे जिने, देवळांचे मंडप, फलाट, सगळं त्यात धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली लाखामागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास, असं बजावलं. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 2011 ला पाच लाखांवर होती, म्हणजे निदान पाच निवारे. तेवढे झाले तरी पायरी राखायला माणूस लागणारच.

सकाळी सहाला दुकानदाराला गाठलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. आतून एक रिकामं क्रेट आणलं, पायरीवर पालथं घातलं, त्यावर झाडू ठेवला. म्हणाले, "आठ दिवस कुणी बसणार नाही, मी बघतो." ते ऐकल्यावर बाबा उठले. गाठोडं मात्र सोबत घेतलं. ते काढून घ्यायचं नाही, कळकट असलं तरी. आधार कार्डाची झेरॉक्स बहुतेक वेळा त्यातच सापडते. संजय गांधी निराधार योजनेला राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तेव्हा अशी चिटोरीच उपयोगी पडतात.

केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, "राहणार कुठले?" एरवी तिथं ‘बेवारस’ पडतं, आणि मग वॉर्डात नातेवाईक आणा म्हणून माणूस अडतो. बाबांनी गाठोडं काखेत घट्ट धरलं आणि दुकानाचं नाव सांगितलं. आम्ही पुढं ‘पायरी, स्टेशन रोड, मिरज’ एवढं जोडलं आणि खाली आमच्यातल्या एकाचा मोबाइल नंबर दिला.