बुसानची ती हरलेली लढत

बाबा बारा वर्षांचे असताना, 1952 साली, त्यांनी मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा पाहिली होती. आशियात ती स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती आणि पुरुष एकेरीत जिंकला कोण, तर हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला जपानी. त्याच्या बॅटवर स्पंजचा जाड थर होता. "चेंडू लागल्याचा आवाजच यायचा नाही गं," बाबा सांगायचे. तेव्हाचे खेळाडू टक्-टक् आवाजावरून फटका ओळखायचे. सातोसमोर त्यांचे कानच निकामी झाले. म्हणून पुढे मला शिकवताना बाबा मला टेबलाकडे पाठ करून उभं करायचे, दोघांना खेळायला लावायचे आणि विचारायचे, "आता कट की टॉप?" कट म्हणजे चेंडूला दिलेली उलटी फिरकी, टॉप म्हणजे पुढची, टॉपस्पिन. मी आवाजावरून सांगायचे. तालुका पातळीपलीकडे मी काही खेळले नाही, पण तो कान राहिला.

दक्षिण कोरियातल्या बुसानला जायचं ते बाबांसाठीच ठरलं होतं. 2020 साली तिथे जागतिक सांघिक स्पर्धा होणार होती आणि बाबांना घेऊन जायचा माझा विचार होता. कोरोनामुळे ती आधी पुढे ढकलली आणि मग रद्दच झाली. 2024 च्या फेब्रुवारीत बुसानला पुन्हा ती स्पर्धा भरली, तोवर बाबा नव्हते. मी लेकीला घेऊन गेले.

प्रवासाबद्दल एवढंच सांगते की बँकॉकमार्गे गेलो, झोप झाली नाही आणि उतरल्यावर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने कान बधिर केले. हॉटेल मात्र मनाला लागलं. बुकिंग करून देणाऱ्याने "हॉलपासून वीस मिनिटं" असं छातीठोक सांगितलं होतं. प्रत्यक्षात हॉटेल निघालं नांपो-दोंगला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज एक नंबरची मेट्रो, सॉम्यॉनला गाडी बदलायची, मग दोन नंबरने बेक्स्कोपर्यंत, म्हणजे स्पर्धेच्या हॉलपर्यंत. चालणं धरून सव्वा तास. जाऊन-येऊन अडीच तास मी कुणाच्या तरी थापेपायी घालवले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मेट्रोबद्दल मात्र तक्रार नाही. पहिल्याच दिवशी चुकीच्या फलाटावर उभ्या होतो, तर एक आजी स्वतःची गाडी सोडून आम्हाला जिना उतरवून पलीकडच्या फलाटावर पोचवून गेल्या. भाषेचा एक शब्द समान नाही, पण माझी बाही धरून नेलं त्यांनी.

बेक्स्को म्हणजे मोठं प्रदर्शन केंद्र. आत अंधारलेला हॉल आणि मधोमध उजेडात टेबलं. 16 फेब्रुवारी, पहिलाच दिवस, आणि भारताच्या मुलींसमोर थेट चीन. आमच्या भोवती सगळा चीन बसला होता. सुन यिंगशा म्हणजे त्यांची लाडकी शाशा. तिच्या नावाचे फलक, तिचे फोटो. लेक म्हणाली, "आई, आपण फार ओरडायचं नाही हं." मी बरं म्हटलं.

एका लढतीत पाच सामने, तीन जिंकेल तो संघ विजयी. पहिला सामना अहिका मुखर्जीचा, त्याच सुन यिंगशाशी. जागतिक क्रमवारीत अहिका 155 वी, शाशा पहिली. अहिकाच्या बॅकहँडला अँटीस्पिन रबर असतो. त्याच्या पृष्ठभागाला पकडच नसते. समोरचीने जिवाच्या आकांताने टॉपस्पिन घातला तरी चेंडू त्या रबरावरून घसरतो आणि मेल्यासारखा तरंगत, उलट कट घेऊन परत जातो. टॉपस्पिन परत येईल या सवयीने मारायला जावं, तर चेंडू जाळीत.

पहिला गेम अहिकाने 12-10 घेतला. दुसरा 2-11 असा गेला. मी मनात म्हटलं, झालं, शाशाला रबर कळला. तिसरा गेम ड्यूसपर्यंत, म्हणजे 10-10 च्या बरोबरीपर्यंत चढला. 11-11. त्या क्षणी आजूबाजूचे फलक खाली आले आणि आमच्या बाजूला एकदम शांत झालं. मी काय केलं, तर डोळे मिटले.

टक्. थप्. टक्. थप्.

टक् शाशाचा. थप् अहिकाचा, भिजल्या पुठ्ठ्यावर चेंडू पडावा तसा. सातोच्या बॅटचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, बाबांच्या तोंडून फक्त त्याचं नसणं ऐकलं होतं. तो समोर खेळत असता तर असंच काहीतरी ऐकू आलं असतं असं मला वाटलं आणि घसा दाटून आला. डोळे उघडले तेव्हा लेक माझा दंड गच्च धरून उभी होती. 13-11. मग चौथा 11-6. अहिका जिंकली. मी किती ओरडले ते दुसऱ्या दिवशी आवाज बसल्यावर कळलं.

पुढे मनिका बत्रा वांग मान्युकडून हरली. मग श्रीजा अकुलाने जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या वांग यिदीला सरळ तीन गेममध्ये हरवलं: 11-7, 11-9, 13-11. भारत 2, चीन 1! माझ्या डावीकडची चिनी मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. मला तिची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. नंतरचे दोन्ही सामने चीनने घेतले आणि लढत 3-2 अशी त्यांची झाली. त्यांच्या मुली हसल्या नाहीत, सुटल्यासारख्या एकमेकींना बिलगल्या. त्याच मुलींनी 24 तारखेला जपानला 3-2 असं हरवून विजेतेपद घेतलं.

हॉटेलवर येईपर्यंत घरच्या ग्रुपवर मेसेज: "हरलेच ना शेवटी?" मी उत्तर दिलं नाही. खाली नांपो-दोंगच्या बाजारात जाऊन आम्ही होत्तॉक खाल्ला. कणकेच्या गोळ्यात तपकिरी साखर भरून तेलात दाबून भाजतात, मग मधोमध चिरून आत बिया भरतात. कडेने पाक ओघळतो. गूळपोळीची बहीणच. गाडीवाल्या काकूंनी लेकीला दुसरा देताना बिया दुप्पट भरल्या.

मधले दिवस असेच गेले, मेट्रो, हॉल, मेट्रो. एका दिवशी जगालची नावाचा मासळी बाजार पाहिला.

हंगेरीविरुद्धच्या लढतीला लेकीनेच आपणहून डोळे मिटले. बराच वेळ तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "कट?"

"टॉप," मी म्हटलं. "परत ऐक."