तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापूर बघायचंय? मग जुलैत या

"ताई, रिटायर झाल्यावर सगळं सोडून कोल्हापूरच कसं काय? आणि आम्ही दोघं आलो तर जमेल का हो आम्हाला?" ठाण्याची माझी जुनी सहकारी डिसेंबरात फोनवर विचारत होती. ती पहिली नव्हे. आम्ही 2018 साली डोंबिवलीतून इकडे आलो, तेव्हापासून हा प्रश्न मी लग्नात ऐकलाय, बारशाला ऐकलाय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता ऐकलाय. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा रंकाळा, अंबाबाई, तांबडा-पांढरा एवढंच ऐकायचं असतं. मी म्हणते, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या, मग बोलू. लोकांना वाटतं, मी टाळतेय.

आमचं इथं नात्याचं कुणीच नव्हतं. यादीत नाशिक, सातारा, रत्नागिरी, सांगली आणि कोल्हापूर अशी पाच नावं होती. नाशिकला जायचं तर डोंबिवलीनं काय घोडं मारलं होतं? रत्नागिरीची दमट हवा माझ्या गुडघ्यांना नको होती. सातारा यांना फार आवडलं होतं, खरं तर मलाही. पण यांना स्टेंट बसवलेला, आणि तिथल्या ओळखीच्या माणसानंच सांगितलं, की मोठं काही निघालं तर आम्ही पुणं गाठतो. कोल्हापुरात उलटं दिसलं. राजारामपुरीतल्या दवाखान्यांच्या बाकांवर कणकवली-सावंतवाडीची मंडळी बसलेली, निपाणीची कानडी-मराठी मिसळून बोलणारी मंडळी बसलेली. जिथं चार मुलखांतली माणसं दुखणं घेऊन येतात तिथं आपण आधीच राहायला जावं, इतका साधा हिशेब होता. मुलगा पुण्यात, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. ठरलं.

घर बघायला आम्ही जानेवारीत आलो आणि तिथंच चुकलो. जानेवारीतलं कोल्हापूर कुणालाही फसवेल. सकाळी गारवा, ऊसतोड जोरात, गुऱ्हाळांचा गोड वास, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेल्यात फेसाळतं दूध देतात ते पिऊन हे तर तिथंच विरघळले. एका एजंटानं नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला तळमजल्याचा फ्लॅट दाखवला. झाडं, शांतता, गुडघ्यांसाठी पायऱ्या नाहीत. "इथं पाणी येतं का?" असं मी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगते. "चोवीस तास, मॅडम," तो म्हणाला. मी पुराचं विचारत होते, तो नळाचं सांगत होता. की त्याला कळलं होतं?

ऑगस्ट 2019 मध्ये उत्तर मिळालं.

पंचगंगेचा पूर समजून घ्यायला मला ते दोन आठवडे लागले. कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे, सगळं मोजमाप तिथलं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. नदीच्या वरच्या अंगाला राधानगरी धरण, त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक उंचीवर आलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण ते. त्यामुळे "राधानगरीचा तिसरा उघडला" ही बातमी इथं क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतात. पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की हिचं पाणी पुढं सरकतच नाही, मागं फुगतं. 26 जुलै 2005 चं मुंबईचं पाणी मी पाहिलंय, ते अंगावर धावून आलं होतं. पंचगंगेचं पाणी चालत येतं. तासाला इंच-दोन इंच. पळायला वेळ असतो, आणि आपल्याकडे येणार नाही अशी समजूत काढत बसायलाही वेळ असतो. आम्ही दुसरं केलं.

शेजारच्या काकी मला सांगत होत्या, "गायकवाड वाड्यापाशी आलंय... आता जामदार क्लबपाशी आलंय." मला त्या जागा ठाऊक नव्हत्या, म्हणून मी नुसती मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "वहिनी, आता बोलत बसू नगासा. कागदं आन् औषधं घ्या, चला." त्यांच्या भाच्याचं घर राजारामपुरीत, उंचावर. कुठल्याशा तालमीची चार पोरं कमरेएवढ्या पाण्यातून आली. यांना त्यांनी खुर्चीसकट उचललं. माझ्या शिलाई मशिनीसाठी परत फिरले तेव्हा मी ओरडले, "राहू द्या रे!" त्यावर एकजण म्हणाला, "मावशी, पानी वाढतंय, भांडान नंतर करू." त्या पोरांची नावं मला आजही माहीत नाहीत.

राजाराम बंधाऱ्यावर त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पुण्याचा हायवे शिरोलीजवळ जवळजवळ आठवडाभर बंद. पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. सगळीकडे पाणीच पाणी आणि नळ कोरडे, कारण पाणी उपसणारी केंद्रंच बुडालेली. त्या भाच्याच्या तीन खोल्यांत आम्ही अकरा माणसं नऊ दिवस राहिलो. मी तिसऱ्या दिवशी घरखर्चाचे पैसे पुढं केले तर त्याची बायको इतकी रागावली, की जेवायला बसेपर्यंत बोलली नाही. त्या नऊ दिवसांत मी भाकरी थापायला शिकले. अजून कडेला चिरा जातात.

मुलगा म्हणाला, आता पुण्याला या. आम्ही गेलो नाही. राजारामपुरीतच दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतलं. 2021 च्या जुलैत पाणी 56 फुटांच्या पुढं गेलं, म्हणजे 2019 पेक्षाही वर. त्या वेळी काकी आमच्याकडे होत्या.

तर घर बघताना भिंतीच्या रंगाआधी पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशात दिसते, पण जुन्या भिंतीवर पुराची खूण दिसते ती जास्त खरी. शहरात एकाच रस्त्याचं एक टोक बुडतं आणि दुसऱ्या टोकाला लोक मिसळ खात असतात.

दुसरी गोष्ट हद्दीची. कोल्हापूरची महानगरपालिका झाली 1972 साली, आणि हद्दवाढीचं भांडण तेव्हापासून चालू आहे. शहर वाढलं, हद्द वाढली नाही. म्हणून आर. के. नगर, पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूला जागा बघाल तर पत्त्यात कोल्हापूर असेल पण कारभार ग्रामपंचायतीचा. मोकळी हवा, शहरापेक्षा भाव कमी, हे खरं. पाणी किती दिवसांनी येतं, ते मात्र एजंटाला विचारू नका. बाहेर धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचारा.

त्रास नाही असं नाही. गणपतीत डॉल्बी लागला की आमच्या काचेच्या कपाटातली भांडी आपणहून नाचतात, आणि विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. सुट्टीच्या दिवशी देवळाकडे गाडी नेणं म्हणजे गाडी विकून परत येण्यासारखं आहे. केएमटीची, म्हणजे शहर बसची, वाट बघण्यात एक पुस्तक वाचून होतं. पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की सुरुवातीला मी घाबरून घरात बसायचे. आता यांच्यासोबत शाहू स्टेडियमला जाते आणि घसा बसवून येते.

नाटकाचं मात्र दुखणं आहे. घरापासून केशवराव भोसले नाट्यगृह रिक्षानं दहा-बारा मिनिटांवर. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून 1915 साली उभं राहिलेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही सकाळी गेलो तर लोक नुसते उभे होते, नाटकवाले, रिक्षावाले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. परतताना रिक्षावाल्या मामांनी पैसे घेतले नाहीत, का ते मी विचारलं नाही. डोंबिवलीत मी चौतीस वर्षं काढली, पण एखादी इमारत जळाल्यावर सुतक पडल्यासारखं वाटलेलं मला आठवत नाही.

ओळख व्हायला वेळ लागतो, तेही ऐका. इथं माणसं जेवायला पहिल्या दिवशी बोलावतात, पण भिशीत मला घ्यायला दोन वर्षं लागली. "कुठल्या पेठेचं?" या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही धड उत्तर नाही.

ठाण्याची मैत्रीण डिसेंबरात चार दिवस राहून गेली. परत जाताना तिनं गुपचूप एका बंगलीला टोकन दिलं, आणि मला जागेचं लोकेशन पाठवून विचारलं, "कशी वाटते?" मी फोन घेऊन दारात आलेल्या दूधवाल्यांपुढं धरला. त्यांना नकाशा कळेना, म्हणून मी जवळचं देऊळ सांगितलं.

"ते व्हय," ते म्हणाले आणि कॅन खाली ठेवून त्यांनी आडवा हात छातीशी धरला. मग थोडा विचार करून गळ्यापर्यंत नेला. "एकवीसला हितं."

टोकन परत मिळवायची खटपट चालू आहे. ती दोघं जुलैत येतायत, रेनकोट घेऊन.