साडेचारशे किलो पेलणारा स्टँड: आमची वाटचाल

पुण्यातील भवानी पेठेच्या टिंबर मार्केटजवळ आमचे सुतारकामाचे छोटे वर्कशॉप असून आम्ही प्रामुख्याने घरगुती फिश टँकचे लाकडी स्टँड बनवतो. कपाटे आणि देव्हारे करणारे सुतार गल्लोगल्ली मिळतात. परंतु चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ३४० लिटर, म्हणजे ३४० किलो पाणी मावते, त्यात १० मिलिमीटर काचेचे ६५ किलो आणि रेती-दगडांचे चाळीस-पन्नास किलो मिळवावे लागतात, हा हिशेब करून मगच लाकडाला हात लावणारे फार थोडे आहेत, हे मी अभिमानाने सांगतो.

हे काम मला शिकवले आमच्या पहिल्या भागीदाराने, ज्यांना आम्ही सगळे मिस्त्रीकाका म्हणत असू. त्यांची पटाशी दगडावर घासून घासून निम्मी उरली होती, तरी तिने पाडलेल्या भोकाच्या कडा आरशासारख्या स्वच्छ येत. वजन लाकडावरून लाकडावर उतरले पाहिजे, स्क्रूवर नव्हे, हा त्यांचा नियम होता; म्हणून वरची चौकट पायांच्या माथ्यावर टेकवायची, पायाला भोक आणि आडव्या पट्टीला कुसू, म्हणजे त्या भोकात बसणारे कोरीव टोक, ठेवायचे आणि ते लाकडी हातोड्याने ठोकल्यावरच आत जाईल इतके घट्ट कापायचे. स्टँड वजनाखाली चिरडतो असे लोकांना वाटते, पण प्रत्यक्षात तो बाजूला डुलून कोसळतो. म्हणून ज्यांना घरीच स्टँड करायचा आहे त्यांनी हे डुलणे रोखण्यासाठी पाठीमागे १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारे प्लायवूड) पूर्ण मापात बसवावा. शोभेसाठी तो वगळू नये.

आमचा धंदा बुडता बुडता वाचला, तो प्रसंग येथे लिहिलाच पाहिजे. आमच्यापासून जवळच एक मोठे शोरूम उघडले आणि तेथे मायका लावलेले पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, स्टँड आमच्या निम्म्या किमतीत मिळू लागले. पाण्याचे थेंब कडेतून आत शिरले की हा बोर्ड फुगतो, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही दोन महिने आमच्याकडे एकही ऑर्डर आली नाही. तेव्हा मी मिस्त्रीकाकांचा विरोध डावलून, स्वस्त पडतो म्हणून पुरता न वाळलेला साग घेतला. पावसाळ्यात लावलेला तो स्टँड थंडीच्या कोरड्या हवेत पिळला गेला, एक कोपरा जेमतेम तीन मिलिमीटर खाली बसला आणि काच वाकत नसल्यामुळे टाकीच्या तळाला तडा गेला. मध्यरात्री सगळे पाणी दिवाणखान्यात आणि तेथून खालच्या बिऱ्हाडाच्या छतात उतरले. दोन्ही घरांची भरपाई करण्यासाठी मला रंधा मशीन विकावे लागले. चूक माझी होती, ती मी कधीच नाकारली नाही. पण त्या शोरूमच्या लोकांनी फुटलेल्या टाकीचा फोटो कित्येक महिने गिऱ्हाइकांना दाखवला आणि त्याच काळात त्यांचे फुगलेले स्टँड दुरुस्तीला आमच्याकडेच येत होते, याची सल अजून गेलेली नाही. मिस्त्रीकाका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या वर्षी ते गावी गेले ते परतले नाहीत. पटाशी मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मिस्त्रीकाका गेले त्याच आठवड्यात कसबा पेठेतील आमच्या एक जुन्या ग्राहक, निवृत्त शिक्षिका, वर्कशॉपमध्ये आल्या. त्यांच्या घरी मिस्त्रीकाकांनी केलेला स्टँड होता. “अहो, मला दुसऱ्या खोलीसाठी तसाच एक करून द्या, पण लाकूड वाळेपर्यंत मी थांबेन,” असे सांगून बाईंनी सगळे पैसे आगाऊ ठेवले. त्या पैशांतून कारागिरांचा पगार झाला.

पुढची वर्षे काम करण्यात गेली. आता मी ओलावा मोजण्याचे यंत्र लावल्याशिवाय लाकूड कापत नाही, आणि स्टँड जागेवर ठेवल्यावर दोन्ही दिशांनी लेव्हल (सपाटी पाहण्याचे साधन) लावून टाकी आधी एक तृतीयांशच भरून घेतो; दुसऱ्या दिवशी पुन्हा लेव्हल पाहून मग उरलेले पाणी घालायला सांगतो. आपणही तसेच करावे. बाईंनी नुकताच पाच फुटी टाकीसाठी स्टँड सांगितला आहे. त्याचा साग मार्चपासून शेडमध्ये, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवला आहे.