गुऱ्हाळाचं पुस्तक, चौदा ग्रुप आणि एकोणीस दिवस : माझा अनुभव

माझे वडील करवीर तालुक्यात आयुष्यभर गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, म्हणून राबले. त्यांच्याकडून ऐकलेलं, काहिलीशेजारी (रस आटवायच्या मोठ्या कढईशेजारी) बसून पाहिलेलं सगळं लिहून काढलं आणि स्वखर्चाने ३०० प्रती छापल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळाला (त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका). इथवर काही अडलं नाही.

पुस्तकं घरी आली त्याच रात्री मुखपृष्ठ, किंमत आणि जीपे नंबर असा एकच मजकूर चौदा ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत तीन ठिकाणी काढून टाकलेला. बाकीकडे अंगठे आले, मागणी एकही नाही.

खरी आशा होती ती फेसबुकवरच्या वाचकांच्या एका मोठ्या ग्रुपवर. तिथे पोस्ट मंजुरीसाठी गेली आणि अडकली. रोज सकाळी चहाच्या आधी फोन उघडायचो; पोस्ट प्रलंबित. आठव्या दिवशी अ‍ॅडमिनना नम्रपणे मेसेज केला. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. बाराव्या दिवशी पुन्हा लिहिलं, तेच. एकोणिसाव्या दिवशी पोस्ट नाकारली, कारण न देता. नियम नंतर सापडला, वर पिन केलेल्या पोस्टच्या शेवटी : नव्या सदस्याने पहिल्या महिन्यात विक्रीची पोस्ट करू नये. नियम मला मान्य आहे, पण एका ओळीचं उत्तर द्यायला काय हरकत होती? याचा राग अजून आहे. म्हणून सांगतो, ग्रुपात शिरताच आधी पिन केलेली पोस्ट शेवटपर्यंत वाचा.

पुढे त्याच ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, पिवळाधमक गूळ चांगला की काळसर? मी सविस्तर लिहिलं. रस उकळू लागला की रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचं. फार फिकट पिवळा रंग बऱ्याचदा हायड्रॉसमुळे, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनामुळे, येतो. पाक झाला की नाही, हे वडील पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळवून बघायचे. पुस्तकाचं नावसुद्धा काढलं नाही. खाली कुणीतरी विचारलं, "दादा, तुम्हाला एवढं कसं माहीत?" तेव्हा सांगितलं. त्या आठवड्यात अकरा प्रती गेल्या. वडिलांना फोन करून आकडा सांगताना माझा ऊर भरून आला होता.

एक राहिलंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. त्यामुळे प्रत घेणाऱ्याला विचारा, "पुढचं काही लिहिलं तर कळवू का?" हो म्हणाले तरच नंबर सेव्ह करायला सांगा. आणि मुखपृष्ठापेक्षा काहिलीचा फोटो टाका. वाफेत उभ्या वडिलांच्या फोटोखाली लोक स्वतःच्या गावचं गुऱ्हाळ सांगत बसतात. त्या प्रत्येकाला मी उत्तर देतो, प्रत घेवो न घेवो.